छज्ज्यावरचें बिऱ्हाड

कल्याण मागें पडलें म्हणजे गाडी कर्जतच्या वाटेस लागते, आणि विठ्ठलवाडीच्या पुढें उल्हासनगर येतें. प्रवासवर्णनें लिहिणाऱ्यांनीं या गांवीं उतरावें असें कांहीं कारण नाहीं. येथें किल्ला नाहीं, घाट नाहीं, थंड हवा तर नाहींच; आणि वालधुनी नदी जवळ आली हें डोळ्यांच्या आधीं नाकास कळतें. कापडाची व फर्निचरची पेठ मोठी, पण तेथें येणारा मनुष्य गजानन मार्केटांत सौदा करून संध्याकाळच्या गाडीनें परत जातो. अशा या गांवच्या दोन नंबरच्या कॅम्पांत आमचा बराच काळ गेला. गेल्या उन्हाळ्यांत तेथें खिडकींतून जें पाहिलें, तें घर न सोडतां पाहिलें, म्हणून त्यास प्रवास म्हणावें कीं नाहीं हें संपादकांनींच ठरवावें.

‘कॅम्प’ हा शब्द परगांवच्या माणसास खटकतो. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळच्या या माळावर सरकारनें फौजेसाठीं छावणी उभारली होती. युद्ध संपलें, बराकी ओस पडल्या. आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधांतून आलेल्या सुमारें एक लक्ष निर्वासितांस त्याच बराकींचा आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं वसाहतीस ‘उल्हासनगर’ असें नांव दिलें. नांव आलें तरी एक ते पांच ही कॅम्पांची गणना कांहीं गेली नाहीं. बराकी पडल्या, त्यांच्या जागीं चार-चार, पांच-पांच मजले चढले. पण पत्त्यांत बराकीचा नंबर लोक अजून लिहितात. आमच्या खालच्या मजल्यावर एक सिंधी वृद्धा आहेत. सारी इमारत त्यांस ‘अम्मां’ म्हणते. कराचीच्या बंदरांत आईच्या कडेवरून आगबोटींत चढल्याचें त्यांस अंधुक आठवतें. बराकींतला गोणपाटाचा पडदा मात्र लख्ख आठवतो. पडद्याच्या अलीकडे एक कुटुंब, पलीकडे दुसरें.

मे महिना नुकता लागला होता. सकाळची संध्या आटोपून आम्ही खिडकीशीं बसलों असतां बाहेरच्या छज्ज्यावर एक होला उतरला. छज्ज्याच्या कोपऱ्यांत आमच्या जुन्या कूलरची लोखंडी चौकट पडून होती. कूलर भंगारांत गेला, चौकट आळसामुळें राहिली. होल्यानें ती आंतून पाहिली, बाहेरून पाहिली, मान खालीवर करून घुमला आणि उडून गेला. थोड्या वेळानें दोघे आले. भाड्याची जागा पाहावयास येणारीं नवराबायको असेंच करतात.

वाचकांनीं होला आणि पारवा एक समजूं नयेत. पारवा मूळचा कडेकपारींचा. माणसानें आधीं दगडाचीं देवळें बांधलीं व मागाहून सिमेंटचीं घरें बांधलीं, तीं त्यास कड्यांसारखींच सोयीचीं पडलीं. २०२५ च्या ऑगस्टांत दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईंत जें वादळ उठलें तें या पारव्यांसंबंधीं. होला हा मूळचा झाडावरचा, चणीनें लहान आणि बहुधा जोडीनें हिंडणारा. आमच्याकडे आला तो ठिपकेवाला होला. पाठ तपकिरी व तीवर फिकट ठिपके, छाती गुलाबीसर, आणि मानेच्या मागें काळ्या पट्ट्यावर बारीक पांढरे ठिपके, जणूं कोणी बुद्धिबळाचा पट गुंडाळला आहे. त्याचाच भाऊबंद पठाणी होला राखी रंगाचा असतो आणि त्याच्या मानेमागें काळी अर्धी कंठी असते. हा पठाणी होला विसाव्या शतकांत पूर्वेकडून सरकत सरकत साऱ्या युरोपांत पसरला, आणि १९५५ सालीं त्यानें इंग्लंडांत पहिलें घरटें केलें. ही हकीकत आम्हीं अम्मांस सांगितली तेव्हां त्यांनीं विचारलें, “उसको बराक किसने दी?”

या पक्ष्याचें घर बांधणें पाहून इंजिनियरास घेरी येईल. एकानें चौकटींत बसून राहावयाचें, दुसऱ्यानें एका वेळीं एक काडी आणून त्याच्यापुढें ठेवावयाची. बसलेला ती चोंचीनें पोटाखालीं ओढून घेई. काडी सरकून खालीं पडली तर ती कोणी उचलीत नसे, नवी येई. दोन दिवसांत पसाभर काटक्या जमल्या. त्यांत जवळच्या बांधकामावरची बाइंडिंगची तार हातभर. एवढ्यावर वास्तु पुरी झाली.

अमरकोश आम्हीं लहानपणीं पाठ केला. त्यांत ‘कपोतपालिका’ या शब्दास ‘विटंक’ असा पर्याय आहे. पांखरांनीं बसावें म्हणून घराबाहेर काढलेली पट्टी असा त्याचा अर्थ. देवळाच्या बांधणींतहि पुढें झुकलेल्या छज्जेवजा थरास ‘कपोत’ म्हणतात. येथून दीड-दोन कोसांवर, त्याच वालधुनीच्या कांठीं, अंबरनाथाचें शके ९८२ चें शिवालय आहे. त्याच्या थरांकडे आम्हीं विद्यार्थ्यांचें लक्ष अनेकदां वेधलें असेल. परंतु विटंक म्हणजे काय हें आमच्या स्वतःच्या ध्यानांत आलें तें त्या भंगार चौकटीपाशीं.

घरांत मात्र कुरकुर सुरू झाली. बदलापुराहून आमची आतेबहीण आली होती. तिनें छज्ज्याकडे पाहतांच पदर तोंडाशीं नेला. “दादा, घराला होला लागणं बरं नव्हे. घर रिकामं होतं म्हणतात. आजच काढून टाक.” आमच्या मंडळींचा चेहरा उतरला. हें सारें अडाणीपणाचें बोलणें आहे असें म्हणून आम्हांस सुटतां येईना, कारण त्यास आधार आमच्याच पोथ्यांत आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत कपोतावर पांच ऋचांचें एक सूक्त आहे, त्यांत तो निर्ऋतीचा दूत म्हणून आला आहे. आणि कपोत घरावर येऊन पडला तर तेंच सूक्त म्हणावें, असें आश्वलायन गृह्यसूत्रांत सांगितलें आहे. आम्हीं बहिणीस एवढेंच सांगितलें कीं, त्या सूक्तांत कपोतास मारा असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. हा पाठविलेला पांखरूं आम्हांस शुभ होवो, अशीच तींत प्रार्थना आहे. मग खिडकीशीं बसून आम्हीं तें सूक्त म्हटलें. होला अंगावर मान मुरडून ऐकत होता. खालीं अम्मांस या चर्चेचा सुगावा लागला होता. त्या गुडघे धरीत दोन जिने चढून आल्या आणि म्हणाल्या, “मास्तरजी, यह तो गेरो है. इसको मत उठाना.” सिंधींत होल्यास गेरो म्हणतात.

६ मे रोजीं पहिलें अंडें दिसलें, ८ मे रोजीं दुसरें. दोन्ही शुभ्र. होल्यांत नरमादी दिसावयास सारखींच. पण काड्या आणणाऱ्याच्या शेपटीचें एक पीस तुटलेलें होतें, त्यावरून आम्हांस ओळख पटली. तुटक्या पिसाचा सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास येई आणि उन्हें कलेपर्यंत बसे. मग मादी येऊन रात्रभर बसे. पाळी बदलतांना गडबड नसे. एक उठे, दुसरें पोटाखालीं अंडीं सारून घेई, अंडीं उघडीं पडत तीं चार-दोन निमिषेंच. छज्ज्याच्या दुसऱ्या टोंकास आम्हीं पाण्याची परळ ठेविली. होला पाणी पितो तें चिमणीसारखें घोंट घेऊन मान वर करून नव्हे. घोड्याप्रमाणें चोंच बुडवून एका दमांत ओढून घेतो.

आतां अडचणीची गोष्ट. २८ मे २०२१ रोजीं आमच्याच कॅम्पांत, नेहरू चौकाजवळ, एका इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब थेट खालपर्यंत कोसळून सात माणसें गेलीं. तेव्हांपासून येथें पुष्कळांस झोंपण्यापूर्वीं एकदां छताकडे पाहण्याची संवय जडली आहे. आमच्या इमारतीच्या दुरुस्तीचा ठराव झाला, वर्गणीसाठीं कोणी दागिना मोडला, कोणी मुलाकडे हात पसरला. आणि १० मे रोजीं बांबू येऊन पडले. काम मृगापूर्वीं उरकलें पाहिजे, कारण उघडा पडलेला स्लॅब पावसांत ठेवितां येत नाहीं. आम्हीं हिशेब केला. अंडीं फुटावयास सुमारें चौदा दिवस, पिलें उडावयास आणखी तितकेच. म्हणजे जूनचा पहिला आठवडा. सोसायटीच्या सभेंत हा हिशेब मांडावयास आम्ही उभे राहिलों तेव्हां आमच्या वयास शोभेल असें कांहीं आपण बोलत नाहीं, याची जाणीव आम्हांस होती. एक तरुण सभासद म्हणाले, “सर, आमचीं पण पिल्लं आहेत.” त्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. तरी सेक्रेटरींनीं मागच्या बाजूपासून आरंभ करण्याचें मान्य केलें. कंत्राटदार हंसला, पण त्यानें ऐकलें.

२१ मे रोजीं अंडीं फुटलीं. पिलें दिसावयास अगदींच बेढब: डोळे मिटलेले, कातडी काळसर, अंगावर पिवळट लव. त्यांस आईबाप दाणे देत नाहींत. होल्याच्या गळ्यांतल्या पिशवीच्या अस्तरांतून दह्यासारखा दाट पदार्थ सुटतो, आणि पिलूं बापाच्या वा आईच्या चोंचींत चोंच घालून तो खातें. यास कपोतदुग्ध म्हणावयास हरकत नाहीं. कारण हें दूध ज्या द्रव्यामुळें सुटतें तेंच द्रव्य मानवी मातेच्या दुधासहि कारण होतें, आणि १९३० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं त्याची पारख केली ती याच जातीच्या पांखरांच्या गळ्यावरून. विशेष हें कीं, येथें बापहि पाजतो. आमच्या मंडळींनीं हें ऐकून घेतलें आणि इतकेंच म्हणाल्या, “अहो, मग तुम्हीं इतकीं वर्षें काय केलंत?”

२८ मे रोजीं सकाळीं कामाची परांची आमच्या बाजूस आली. छज्ज्यास मागाहून हात लावूं असें ठरलें होतें. पण इंजिनियरनें खालून हातोडी ठोकली, आणि आवाज बद्द आला. त्यानें दुसरीकडे ठोकली. पोपडा सुटून गंजलेली सळई उघडी पडली. खालीं जिन्याचें दार. शाळेस सुटी असल्यामुळें दिवसभर पोरें तेथेंच. इंजिनियर आम्हांस म्हणाला, “मास्तर, हा आजच फोडायला लागेल. तुम्हीच सांगा.” त्यास आमची परवानगी नको होती, त्यानें विचारलें हा त्याचा भलेपणा. आम्हीं खालीं पाहिलें. तीन मुलें दाराशीं गोट्या खेळत होतीं. आम्हीं म्हटलें, “फोडा.”

परांचीवर अमरावतीकडचा एक मजूर होता. तो म्हणाला, “बाबूजी, हा त कवडा आहे. थांबा.” त्यानें आपलें घमेलें रिकामें केलें, त्यांत गोणपाट घातलें, आणि काटक्या, तार, दोन पिलें, सारें बिऱ्हाड अलगद त्यांत उचलून शेजारच्या खिडकीच्या गजांस बांधलें. जुन्या जागेपासून तें चार हातसुद्धां दूर नव्हतें. तुटक्या पिसाचा समोरच्या तारेवर बसून पाहत होता. दुपारभर छिन्नी चालली. दोघेहि येत, जेथें छज्जा होता तेथें हवेंत घिरटी घालीत आणि परत जात. घमेल्याकडे कोणी पाहीना. अंधार पडला, मादी आली नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें यदुराजास आपले चोवीस गुरु सांगितले, त्यांत कपोत हा एक. व्याधानें त्याचीं पिलें जाळ्यांत धरलीं, पाठोपाठ मादी जाळ्यांत शिरली, आणि तें पाहून त्यानें स्वतः उडी घातली. अति आसक्ति कशी घात करते हें त्यावरून शिकावें, असें अवधूत म्हणतो. नाथमहाराजांनीं शके १४९५ मध्यें काशींत पुऱ्या केलेल्या भागवतांत हें आख्यान येतें, आणि चातुर्मासांत तें वाचतांना आम्हीं दरसाल मान डोलावीत आलों. त्या रात्रीं मान हालेना. कपोताच्या मोहाविषयीं बोलावयास व्याधाच्या जागीं बसलेला मनुष्य योग्य नव्हे. आमचें ‘फोडा’ हें चुकलें होतें असें नाहीं. तोच प्रसंग उद्यां आला तर आम्ही तेंच सांगूं. पण तें सांगणारे आम्ही होतों.

पहाटे पाहिलें तों एक पिलूं, लहान होतें तें, थंड झालें होतें. दुसऱ्याची मान हालत होती. सहा वाजतां मादी गजावर उतरली, घमेल्याच्या कडेवर आली, पुन्हां गजावर गेली. असें पांच-सहा वेळां झाल्यावर ती आंत उतरली आणि पिलानें तिच्या चोंचींत चोंच घातली. आम्हीं मंडळींस हांक मारली. त्यांच्या हातांतून दुधाचें भांडें घेऊन आम्हीं खालीं ठेविलें. नाहीं तर तें सांडलें असतें. खालीं निरोप गेला. अम्मां या खेपेस जिना चढल्या नाहींत. त्यांनीं खिडकींतूनच हात जोडलेले आम्हांस दिसले.

५ जून रोजीं पिलूं उडालें: गजावरून तारेवर, तारेवरून पलीकडच्या निंबावर. चार दिवसांनीं पाऊस आला. नवा छज्जा तोंवर भरून झाला होता आणि त्यावर ओलें गोणपाट अंथरलें होतें. मजूर हिशेब घेऊन गांवीं गेला. घमेलें परत नेण्यास आम्हीं बजावलें होतें, पण तें त्यानें गजांसच बांधलेलें ठेविलें. श्रावणांत एके सकाळीं पाहिलें तों त्यांत तीन नव्या काड्या होत्या, आणि एक बाइंडिंगची तार.