पत्र्याच्या शेडातल्या तबकड्या

#थ्रेड #इतिहास

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली गावे उशिरा निजली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. ज्या जाड दगडमातीच्या भिंतींनी पिढ्यान् पिढ्या उन्हापासून राखले, त्यांनीच हजारोंचा जीव घेतला.

आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, एका गावी, त्या पहाटे एक घर बसले. माणसे अंगणात निजली होती म्हणून वाचली. कडब्याचे पत्र्याचे शेड तेवढे उभे राहिले. शेडात एक लाकडी पेटी होती. कॅसेटी आल्यावर ती बिनकामाची ठरली आणि घराबाहेर गेली, म्हणून तीही वाचली.

पेटीचा मालक लग्नाकार्यांत कर्णा लावणारा होता. १९६० च्या दशकात गावोगाव वीज नव्हती. मोटारीच्या बॅटरीवर अँप्लिफायर चाले, कर्णा झाडाच्या फांदीला बांधला जाई आणि शिवारापलीकडच्या वस्तीलाही मांडव कुठे पडला आहे ते कळे. नळदुर्गला खंडोबाची यात्रा, तुळजापूरला नवरात्र, मग लगीनसराई, असा त्या पेटीचा वर्षभराचा प्रवास असे. गाण्याच्या इतिहासात गायकांची नावे येतात, कंपन्यांची येतात. हे गाणे ज्याने बैलगाडीतून वाहिले त्याची नोंद सहसा कुणी घेत नाही.

पेटीत आज ५८ तबकड्या आहेत. पैकी ४७ व्हिनाइलच्या, चित्रपटगीतांच्या. उरलेल्या ११ वजनदार, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. मालक गेला. त्याचा नातू धाराशिवला महाविद्यालयात इतिहास शिकतो. आजीचे वय ८२. तिला त्या अकरांतली एकच ऐकायची आहे: बालगंधर्वांच्या नाट्यगीताची, जी आबा प्रत्येक मांडवात सर्वांत आधी लावत.

नातवाने यंत्राचा शोध सुरू केला. सर्वांत स्वस्त मिळते ते सुटकेसच्या आकाराचे. झाकणाखालीच स्पीकर, दिसायला देखणे, आणि त्यावर ३३, ४५ व ७८ अशा तिन्ही गतींची कळ. प्रश्न मिटला असे कुणालाही वाटावे. पण गती हा अर्धाच भाग आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली, तेव्हा खरा बदल खाचेत झाला. जुन्या तबकडीची खाच रुंद. तिला सुमारे ३ मिल, म्हणजे इंचाच्या ३ सहस्रांश त्रिज्येचे टोक लागते. नव्या बारीक खाचेसाठी टोक एक मिलहूनही कमी. सुटकेस यंत्रात बहुधा हेच बारीक टोक बसवलेले असते. ते जुन्या खाचेच्या भिंतींना धड टेकत नाही, तळाशी साचलेल्या धुळीतून खरडत जाते. आवाजापेक्षा खरखर अधिक ऐकू येते. शिवाय अशा यंत्राच्या सुईचा भार ५ ते ६ ग्रॅम असतो. व्हिनाइलसाठी तो फार झाला. चांगले चुंबकीय कार्ट्रिज साधारण २ ते ३ ग्रॅममध्ये काम भागवते.

पूर्वीच्या अनेक यंत्रांत सुईपाशीच एक चिमुकली खुंटी असे. ती फिरवली की एका बाजूचे बारीक टोक जाऊन दुसऱ्या बाजूचे जाड टोक खाली येई. भारतात १९६० च्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या, बीटल्सची गाणीसुद्धा इथे त्या रूपात निघाली. म्हणून ही सोय घराघरांत लागे. आज कळ उरली आहे, टोक गेले आहे.

मधला पर्याय ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स सारख्या यंत्राचा. पट्ट्यावर चालणारे, स्वयंचलित, अँप्लिफायरला जोडण्याआधी लागणारा प्रीअँप आतच. ज्याच्याकडे केवळ व्हिनाइल आहे त्याने पहिले यंत्र म्हणून हेच घ्यावे, उगाच पुढे जाऊ नये. पण त्यात ७८ ची गती नाही. आजीची तबकडी त्यावर वाजणार नाही.

तिसरा पर्याय एलपी१२०एक्स. तिन्ही गती, सुईचा भार कमीअधिक करणारे मागचे वजन, आणि मुख्य म्हणजे सुई बदलता येते. ७८ साठीची जाड सुई वेगळी विकत मिळते. किंमत सुटकेसच्या कैक पट. नातवाच्या हिशेबाने सहा महिन्यांची शिकवणी.

८२ वर्षांच्या माणसाला सहा महिने थांब म्हणायचे कसे? स्वस्त यंत्र आणून ती एकच तबकडी एकदाच वाजवली तर काय बिघडेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो अगदी चुकीचाही नव्हता. त्याने आजीलाच विचारले.

आजीने ट्रंकेतून पत्र्याची चपटी डबी काढली. तीत पोलादी टाचण्या होत्या. जुन्या तबकडीत चपडा लाखेबरोबर दगडाची पूड मिसळलेली असे. ती पूड टाचणीचे टोक घासून खाचेच्या मापाचे करी, म्हणून दर बाजूला नवी टाचणी घालायचा नियम होता. टाचण्या मोजून देणे हे आजीचे काम. एका लगीनसराईत आबांनी काटकसर म्हणून एका टाचणीवर दोन-दोन बाजू काढल्या. तिने तबकडी उजेडात तिरपी धरून दाखवली: एक बाजू काळीभोर, दुसरी राखाडी पडलेली.

“ही बाजू तुझ्या आबानं खाल्ली,” ती म्हणाली. “दुसरी तू नको खाऊ. थांबते मी.”

मधल्या काळात नातवाने पेटी निगुतीने हाताळली. तबकड्या आडव्या रचल्या होत्या, त्या उभ्या केल्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एकीवर एक रचलेले व्हिनाइल वाकते. व्हिनाइल पुसायला त्याने स्पिरिट आणले होते. तेच अकरा तबकड्यांवरही फिरवणार, तोच त्याच्या वाचनात आले की चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. त्या मग पाण्याने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसल्या.

दिवाळीनंतर यंत्र आले. जाड सुई बसली, भार जुळला, काळीभोर बाजू वर आली. खरखरीतून आवाज उमटला. आजी जरा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, “एवढा चढा नव्हता.”

ती चुकत नसावी. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत गती काटेकोर नसे. कुणी मिनिटाला सत्तरच्या आसपास फेऱ्यांवर मुद्रण करी, कुणी ऐंशीवर, आणि ७८ हा आकडा पुढे हळूहळू स्थिरावला. आबांचे यंत्रही कदाचित मंद फिरत असेल. यंत्राच्या कडेला गती कमीअधिक करणारी सरकपट्टी होती. नातवाने ती किंचित खाली ओढली.

“अजून,” आजी म्हणाली.