मुखवट्याआडचे पाय

मरोळ नाक्यावर आता मेट्रो डोक्यावरूनही जाते आणि पायाखालूनही. मधे उरलेल्या जागेत रिक्षा, टेम्पो, सीप्झ आणि एमआयडीसीतून सुटलेली माणसं, आणि चकाल्यापर्यंत उभ्या असलेल्या काचेच्या इमारती. अंधेरी-कुर्ला रस्त्याला काचेचं नवल राहिलेलं नाही. पण पन्नासच्या दशकात याच रस्त्यावर, मोहन स्टुडिओत, काचेचा एक महाल उभा राहिला होता. दीडशे फूट लांब, ऐंशी फूट रुंद, पस्तीस फूट उंच. काच बेल्जियमहून आलेली. उभारायला दोन वर्षं लागलेली. के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल. त्यात अनारकली नाचली, आणि छताच्या प्रत्येक तुकड्यात पुन्हा नाचली.

ती मधुबाला होती, आणि सगळीच मधुबाला नव्हती. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. फार अवघड तुकडे आले की तिच्या चेहऱ्याचा मुखवटा घालून लक्ष्मीनारायण नावाचा एक पुरुष नर्तक तिच्या जागी उभा राहायचा. १९६० साली लोकांनी तो नाच पाहिला, अजून पाहतात. टाळ्या तिला मिळाल्या, मिळायलाच हव्या होत्या. त्याच्या वाट्याला एवढंच आलं, की तो कुणाला दिसला नाही. आणि तेच त्याचं काम होतं.

एखाद्या गेलेल्या कलेचा शोक करायचा झाला तर माणसं तिच्या राजाराण्यांची नावं घेतात. मला या मुखवट्यापासून सुरुवात करावीशी वाटते. गाण्यानाचाच्या सिनेमानं जगाला जेवढं हसवलं, डोलवलं, दोन-अडीच तास आपली बाकी विसरायला लावली, त्यातलं कितीतरी काम अशा न दिसणाऱ्या माणसांनी केलं.

हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांची कहाणीही वेगळी नाही. १९३३ साली मंदीनं अमेरिकेचं कंबरडं मोडलेलं असताना बस्बी बर्कलीनं कॅमेरा थेट वर नेला आणि खाली डझनावारी मुलींच्या हातापायांतून फुलं उमलवली. खिशातली शेवटची नाणी मोजून आत आलेला माणूस ती फुलं बघत राहिला. इतक्या उंचावरून एकाही मुलीचा चेहरा ओळखू येत नाही. फ्रेड अस्टेअरचा हट्ट याच्या उलट. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, आणि नाच मधेच तोडायचा नाही. म्हणजे एक पाऊल चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. 'स्विंग टाइम' (१९३६) मधल्या एका नाचाचे सत्तेचाळीस टेक झाले आणि जिंजर रॉजर्सचे बूट आतून रक्तानं भिजले. 'सिंगिन इन द रेन' (१९५२) मध्ये भर पावसात छत्री मिटून नाचणाऱ्या जीन केलीच्या अंगात १०३ अंश ताप होता. त्याच सिनेमात सोफ्यावरून हसत उड्या मारणारी डेबी रेनॉल्ड्स एकोणीस वर्षांची होती. त्या गाण्याचं शूटिंग संपलं तेव्हा तिचे पाय रक्ताळले होते.

पडद्यावर यातलं काय दिसतं? काहीच नाही. दिसतो एक तरुण, ज्याला आज घरी जायची घाई नाही. सर्कशीतला गडी दमलेला दिसला तर टाळी वाढते. इथे दम लागलेला दिसला की गाणं मेलं. कष्टाचा माग पुसून टाकायचा, हा या कलेचा पहिला नियम. तो ज्यांना नेमका साधला त्यांचे सिनेमे सत्तर-ऐंशी वर्षांनीही तितकेच टवटवीत वाटतात.

माग पुसण्याची ही सवय घामापाशी थांबली नाही, गळ्यापर्यंत गेली. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी'मध्ये नॅटली वूड, 'माय फेअर लेडी'मध्ये ऑड्री हेपबर्न गाते, तेव्हा बहुतांशी आवाज असतो मार्नी निक्सनचा. तिचं नाव बाहेर फुटू नये याची काळजी घेतली जायची. 'सिंगिन इन द रेन'ची तर गंमतच वेगळी. एका नटीला दुसरीनं चोरून आवाज दिला आणि ती चोरी पकडली गेली, हीच त्या सिनेमाची गोष्ट. गोष्टीत आवाज देणारी डेबी रेनॉल्ड्स. प्रत्यक्षात तिच्या काही गाण्यांना आवाज होता बेटी नॉइजचा. म्हणजे चोरी उघडकीला आणणाऱ्या सिनेमानंही तीच चोरी केली, आणि इतक्या सफाईनं केली की प्रेक्षक न्याय झाल्याच्या समाधानात घरी गेले.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. 'महल' (१९४९) मधलं ते गूढ गाणं गाजलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत त्यानंतर पोहोचलं. पुढे त्यांनी आवाजाच्या मानासाठी आग्रह धरला आणि १९५९ सालापासून फिल्मफेअरला पार्श्वगायनाचं वेगळं पारितोषिक द्यावं लागलं. हॉलिवूड ज्याची लाज बाळगत होतं ते मुंबईनं उघड केलं. हा आपला मोठेपणा. पण तो गळ्यापुरता. पायांना, बोटांना, ट्रम्पेटवर टेकलेल्या ओठांना तो मान मिळायचा राहूनच गेला.

खरं तर बोलता बोलता माणूस गाऊ का लागतो, हा प्रश्न मराठी प्रेक्षकाला कधीच पडला नव्हता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं, तेव्हापासून आपण राजाला गाताना पाहिलं आणि ऋषिकन्येलाही. मात्र तिथला हिशेब रोखीचा होता. गाणाऱ्याचा दमसास समोर, साथीदार समोर. पद रंगलं की 'वन्समोअर', आणि त्यानं पुन्हा गायचं, घाम पुसत गायचं. बालगंधर्व पुरुष असून स्त्री होऊन उभे राहात, आणि हे सगळ्या नाट्यगृहाला ठाऊक असे. ठाऊक असूनच लोक भुलत. शालू कसा नेसायचा हे बायका त्यांच्याकडे पाहून शिकत. मुखवट्यामागचा माणूस माहीत असल्यानं रंजन कमी होत नाही, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. लक्ष्मीनारायणचं नाव मोठ्यानं सांगितलं असतं तर मधुबाला तसूभरही उणी झाली नसती.

१९३८ साली हॉलिवूडच्या एमजीएमनं धोबीतलावला स्वतःचं मेट्रो थिएटर बांधलं, आणि तिथल्या पडद्यावरचा नाच या शहराच्या अंगात भिनू लागला. पण मुंबई नुसती नक्कल करून थांबली नाही. गिरणी कामगाराचा मुलगा भगवान आबाजी पालव, पुणतांब्याचे संगीतकार रामचंद्र नरहर चितळकर आणि गोव्यातल्या आल्दोनाचा ट्रम्पेटवादक अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हे तिघं एकत्र आले आणि १९५१ साली 'अलबेला' झाला. भगवानदादांच्या नाचात अस्टेअरची सडपातळ ऐट नव्हती. अंगानं भरलेला माणूस, हात जेमतेम कोपरापर्यंत उचललेले, पाय जागच्या जागी, खांदे मात्र स्वतःशीच खूश. हे आपल्यालाही जमेल, असं पहिल्यांदाच मागच्या बाकावरच्या माणसाला वाटलं. जिथे अस्टेअरला पाहून माणूस थक्क व्हायचा, तिथे भगवानदादांना पाहून तो उठून नाचायला लागायचा.

त्या सिनेमात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो. हे भाग्य फार थोड्यांना मिळालं. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरनी रात्री जागून प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहिला, तेव्हा कुठे ती गाणी पन्नास वाद्यांत उभी राहिली. श्रेयाच्या पाटीवर ते 'सहायक'. अँथनी गोन्साल्विसांचं नाव १९७७ साली देशातल्या पोराटोरांना पाठ झालं, कारण त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी ते 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात ओवून गुरुदक्षिणा दिली. पण गाणाऱ्यांना वाटलं, ते अमिताभच्या पात्राचं नाव. माजोर्ड्याचे खरे गोन्साल्विस २०१२ पर्यंत हयात होते. चिक चॉकलेट गेला १९६७ साली. त्याच वर्षी बालगंधर्वही गेले. एकासाठी महाराष्ट्र रडला.

हॉलिवूडचा संगीतपट काही एका दिवसात मेला नाही. १९६५ च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'नं इतका पैसा मिळवला की सगळ्यांनी तशाच अवजड सिनेमांवर डाव लावला. 'डॉक्टर डूलिटल', 'स्टार!', 'हॅलो, डॉली!' एकामागून एक कोसळले. १९७० साली एमजीएमनं आपल्या सामानाचा लिलाव केला. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधले लाल बूट पंधरा हजार डॉलरला गेले. सेटच्या जमिनीही विकल्या गेल्या आणि जिथे खोट्या रस्त्यांवर खरा नाच झाला होता तिथे घरं उभी राहिली.

आमच्याकडे तेच, जरा उशिरा. मोहन स्टुडिओ गेला. अंधेरीचा नटराज स्टुडिओ गेला, तिथे ऑफिसं आली. भगवानदादांचा चेंबूरचा जागृती स्टुडिओ गेला, जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते वारले तेव्हा दादरच्या चाळीत राहात होते. जमिनीचा भाव वाढतो तेव्हा पहिला बळी जातो तो रिकाम्या शेडचा, आणि स्टुडिओ म्हणजे शेवटी रिकामी शेडच. आत कुणी नाचत असेल तेवढाच वेळ तो महाल.

पडक्या वास्तूंचा शोक कसा करायचा हे मरोळला शिकवावं लागत नाही. सीप्झच्या कुंपणाच्या आत सेंट जॉन चर्चचे अवशेष आहेत, पोर्तुगीज काळातले, १५७९ चे. एकोणिसाव्या शतकात रोगाची साथ आली, वस्ती उठली आणि चर्चही मरोळला आलं. तरी इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती वर्षातून एकदा त्या छत नसलेल्या भिंतींमध्ये जमून मिस्सा करतात. देव केव्हाच दुसरीकडे राहायला गेलाय, हे माहीत असून करतात. स्टुडिओंच्या वाट्याला असा एकही दिवस आला नाही. शीशमहालाच्या जागेवर कुणी फूल ठेवत नाही. कुठे ठेवायचं, तेही कुणाला नेमकं सांगता यायचं नाही.

मग वाटतं, या माणसांना शोक चालला असता का? ज्यांनी जन्मभर स्वतःचा ताप, रक्त, दम, नाव लपवलं ते आपण हसावं म्हणून. त्यांच्या नावानं उसासे टाकणं म्हणजे त्यांनी निगुतीनं पुसलेला माग पुन्हा उमटवणं. मुखवट्याची हकिकत कळल्यावर मी तो नाच अनेकदा बारकाईनं पाहिला. कुठली गिरकी तिची आणि कुठली त्याची, हे शोधत बसलो. सापडत नाही. दर वेळी दोन-चार ठेक्यांत मी शोधायचंच विसरतो आणि गाणं संपतं. मला हरवण्यात तो माणूस अजून एकदाही चुकलेला नाही.

आणि त्यांचे वारस शोधायला फार लांब जायला नको. विसर्जनाच्या दिवशी मरोळ-मरोशी रस्त्यावर बेंजो पार्टीनं ताल धरला की ऑफिसातला पोट सुटलेला गृहस्थ हात कोपरापर्यंत उचलतो, पाय जागच्या जागी ठेवतो आणि खांदे हलवू लागतो. 'अलबेला' त्यानं पाहिलेला असेलच असं नाही. भगवानदादांचं नाव त्याला आठवेलच असंही नाही. नाच त्याच्यापर्यंत पोहोचला, पत्ता वाटेत गळून पडला.

म्हणून रडू नये. पण नावं तरी घ्यावीत, मोठ्यानं घ्यावीत. लक्ष्मीनारायण. मार्नी निक्सन. बेटी नॉइज. चिक चॉकलेट. फ्रँक फर्नांड. सेबॅस्टियन डिसोझा. अँथनी गोन्साल्विस. बर्कलीच्या त्या फुलांमधल्या सगळ्या मुली, आणि शीशमहालात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या जणी. आपल्या आजोबांना नाट्यगृहात जे सहज जमायचं तेवढं आपणही करू या. गाणं संपलं, दिवे लागले, तरी खुर्ची सोडायची नाही. पाटी सरकून जाईपर्यंत बसायचं, आणि जी नावं पाटीवर आलीच नाहीत त्यांच्यासाठी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, वन्समोअर!