गाणी लिहायला शिकायचंय?

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला गाणी लिहायचा नाद आहे का? मलाही होता. बारावीनंतर मोठीच पंचाईत झाली. फक्त गाणी लिहायला शिकवणारं कॉलेज ना आमच्या इंदापुरात होतं, ना बारामतीत!

तेव्हा मराठीच्या सरांनी बारामतीच्या मोरोपंतांची आठवण करून दिली. अठराव्या शतकातल्या या कवीनं १०८ रामायणं रचली. त्यातल्या एकात तर ओठ मिटावे लागतील असं अक्षरच नाही! वृत्त अंगात मुरल्याशिवाय हे जमेल का? सर म्हणाले, "गाण्याला शब्द हवेत, तसा सूरही हवा. दोन्ही शीक."

मी मराठी घेऊन बी.ए. केलं आणि जोडीला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा दिल्या. तुम्हाला दुसरीही वाट आहे. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. तिथे संगीतात पदवी घेता येते. पण प्रवेशासाठी चाचणी असते, नुसते मार्क पुरत नाहीत. तेव्हा आत्तापासूनच रोज गा आणि मात्रा मोजून चार ओळी लिहा.

आणि आईबाबांनो, "गाण्यानं पोट भरेल का?" हे जरूर विचारा. फक्त त्याआधी मुलाचं एक गाणं शेवटपर्यंत ऐकून घ्या!