नदीकडे चढताना

ह्यूस्टनहून पूर्वेला निघालेला आय-टेन महामार्ग लुइझियानातलं लफायेत मागे पडल्यावर जमीन सोडतो आणि पुढचे सुमारे अठरा मैल खांबांवरूनच जातो. खाली अचाफलाया नदीचा दलदलीचा मुलूख. डिसेंबर असल्यामुळे सायप्रसची पानं गळून गेली होती. पाण्यात उभे करडे बुंधे आणि मधूनच एखादा बगळा, एवढंच दिसत होतं.

"मावशी, मिसिसिपीला खरं तर इथूनच जायचंय," गाडी चालवता चालवता भाचा म्हणाला. तो सिव्हिल इंजिनिअर. नदी दिसली की ती कुणी, कुठे अडवली आहे हे सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. पण या वेळी ऐकण्यासारखं होतं. दर हजारेक वर्षांनी मिसिसिपी पात्र बदलते आणि समुद्राची जवळची वाट धरते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती अशीच अचाफलायाकडे झुकू लागली होती, कारण इकडून समुद्र निम्म्याहून कमी अंतरावर आहे. ती पूर्ण वळली असती तर न्यू ऑर्लिन्सच्या वाट्याला खाऱ्या पाण्याची, गाळाने भरत जाणारी खाडी आली असती. म्हणून १९६३ साली लष्कराच्या इंजिनिअरांनी वरच्या अंगाला, ओल्ड रिव्हरपाशी दरवाजे बांधले आणि वाटणी ठरवून दिली: तीस टक्के पाणी अचाफलायाला, सत्तर टक्के मिसिसिपीला. १९७३ च्या पुरात ते दरवाजे उखडता उखडता वाचले.

"म्हणजे आपण बघायला चाललोय ती नदी तिथे जबरदस्तीने थांबलीय," भाचेसून म्हणाली. नाताळच्या सुटीची अशी सुरुवात मला आवडली.

फ्रेंच क्वार्टरमध्ये सामान टाकलं आणि आधी नदीकडे निघालो. नकाशात ती अगदी हाकेच्या अंतरावर होती, पण गल्लीत उभं राहून तिचा मागमूस लागत नव्हता. जॅक्सन स्क्वेअर ओलांडल्यावर समोर आला एक चढ. पायऱ्या चढून बांधावर गेलो तेव्हा पलीकडे मिसिसिपी दिसली: गढूळ, रुंद, घाईत. मी सांगलीची. नदीवर जायचं म्हणजे घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, हे माझ्या गुडघ्यांना लहानपणापासून पाठ. इथे नदीकडे चढून जावं लागतं. वसंतात पाणी वाढलं की तिचा पृष्ठभाग शहरातल्या कितीतरी रस्त्यांच्या वर असतो, आणि खालून चालणाऱ्याला जहाजं डोक्यावरून गेल्यासारखी वाटतात. आमच्याकडे पावसाळ्यात जो तो आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते विचारतो. इथली माणसं कॅरोल्टनच्या मोजपट्टीचा आकडा तसाच विचारतात. सतरा फूट ही पुराची खूण.

नदीने शतकानुशतकं गाळ टाकून आपले काठ उंच केले, म्हणून जुनं शहर काठाला चिकटून बसलं. काठापासून दूर जावं तशी जमीन उतरत जाते. शिवाय नदी इथे कोयत्यासारखी वळते, त्यामुळे दिशांचा पार गोंधळ. 'वेस्ट बँक' म्हणवणाऱ्या काठावर सकाळी सूर्य उगवताना मी स्वतः पाहिला. लोकांनी पूर्व-पश्चिमेचा नाद कधीच सोडला आहे. रस्ता विचारला की उत्तर येतं: नदीच्या बाजूला, तळ्याच्या बाजूला, प्रवाहाच्या वर, प्रवाहाच्या खाली.

फ्रेंच क्वार्टर हे नाव ऐकून फ्रान्स शोधायला जाल तर फसाल. बियेनव्हिलने १७१८ मध्ये वसवलेल्या फ्रेंच गावाचं आज तिथे जवळजवळ काहीच उरलेलं नाही. १७८८ सालच्या गुड फ्रायडेला आग लागली आणि साडेआठशेच्या वर इमारती जळाल्या. त्या दिवशी चर्चच्या घंटा वाजवायच्या नसतात म्हणून धोक्याची घंटाही वाजवू दिली नाही, असं सांगतात. १७९४ मध्ये पुन्हा आग लागली. तेव्हा राज्य स्पेनचं होतं, म्हणून आज दिसणारी जाड भिंतींची, आतल्या चौकांची घरं स्पॅनिश वळणाची आहेत. ज्या लोखंडी जाळीदार सज्जांचे फोटो सगळे काढतात ते त्याहूनही नंतरचे.

त्या सज्जांमागे एक बाई आहे. जॅक्सन स्क्वेअरच्या दोन बाजूंना लाल विटांच्या दोन लांबलचक इमारती आहेत, त्यांच्या कठड्यांत ए आणि पी ही अक्षरं गुंफलेली दिसतात: आल्मोनेस्तर आणि पोंताल्बा, माहेर आणि सासर. मिकाएला इथल्या अतिश्रीमंत स्पॅनिश अधिकाऱ्याची मुलगी. लग्न होऊन फ्रान्सला गेली. तिची सगळी मालमत्ता आपल्या घराण्याच्या नावावर व्हावी म्हणून सासऱ्याने तिला वर्षानुवर्षं छळलं आणि १८३४ मध्ये पिस्तुलं काढून तिच्यावर गोळ्या झाडल्या. मग त्याने स्वतःला संपवलं. ती वाचली. हाताची बोटं गेली, छातीत गोळ्या राहिल्या, आणि ती न्यू ऑर्लिन्सला परत येऊन या इमारती बांधायला लागली. बांधकाम बघायला ती स्वतः शिडीवर चढायची म्हणतात. १८५१ पर्यंत दोन्ही उभ्या राहिल्या. बाई १८७४ पर्यंत जगली. चौकाच्या मधोमध घोडा उधळलेल्या जनरल जॅक्सनचा पुतळा आहे. १८१५ च्या जानेवारीत त्याने इंग्रजांना शहराबाहेर हरवलं, तेव्हा तहावर सह्या होऊन दोन आठवडे झाले होते, बातमी तेवढी पोचायची होती. त्याचा पुतळा आहे, बाईचा नाही. पण घोड्यापेक्षा कठड्यांकडेच माझं लक्ष जास्त वेळ गेलं.

शेजारच्या काबिल्दो इमारतीत २० डिसेंबर १८०३ रोजी फ्रान्सने लुइझियाना अमेरिकेच्या हवाली केलं. दीड कोटी डॉलरना देशाचं क्षेत्रफळ दुप्पट झालं. हे वाचून भाच्याने ह्यूस्टनमधल्या आपल्या घराच्या हप्त्यांचा उल्लेख केला, तो सोडून देऊ.

कॅफे दु मोंदमधे सगळे जातात, आम्हीही गेलो. १८६२ पासून तिथे चिकोरी घातलेली दुधाची कॉफी आणि पिठीसाखरेच्या ढिगाऱ्याखाली तळलेले चौकोनी बेन्ये मिळतात. काळा कोट घालून जाऊ नये, इतकंच सांगते.

त्याच साखरेचं दुसरं टोक दोन-तीन गल्ल्यांवर आहे. अमेरिकेतला सगळ्यात मोठा गुलामांचा बाजार यादवी युद्धापूर्वी या शहरात भरायचा. एका भपकेबाज हॉटेलात घुमटाखाली चित्रांचे, जमिनींचे आणि माणसांचे लिलाव एकाच वेळी चालत. ते हॉटेल पाडलं, त्या जागी दुसरं उभं आहे. पण शार्त्र स्ट्रीटवरच्या भिंतीत जुन्या कमानींचा एक तुकडा ठेवला आहे आणि त्यावर 'एक्स्चेंज' शब्दातली शेवटची अक्षरं अजून वाचता येतात. त्याच्या खाली उभे राहून लोक टॅक्सीची वाट बघत होते.

गुलामांना रविवार मोकळा असे. १८१७ मध्ये नगरपालिकेने फर्मान काढलं की त्यांनी एकाच ठरलेल्या जागी जमावं. ती जागा म्हणजे काँगो स्क्वेअर. दर रविवारी तिथे ढोल वाजत, नाच होत, भाजीपाला आणि खाण्याच्या जिनसा विकल्या जात. त्या पैशातून काहींनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. जाझचं मूळ शोधणारे याच फरसबंद मैदानापाशी येऊन थांबतात. ते आता लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या बागेत, ट्रेमे या वस्तीच्या कडेला आहे. आणि याच ट्रेमेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळीचे मुसलमान फेरीवाले चिकनकारीचे कपडे विकायला येऊन राहिले होते. काहींनी इथल्या काळ्या, क्रिओल बायकांशी लग्नं केली, संसार थाटले. विवेक बाल्ड यांनी त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. अमेरिकेत आपण सॉफ्टवेअर घेऊन पहिल्यांदा पोचलो असं मानणाऱ्या भाच्याला मी हे मुद्दाम दोनदा सांगितलं.

रविवारी आम्ही सेकंड लाइनमधे चाललो. आधी वाटलं, पर्यटकांसाठी केलेला खेळ असेल; तसेही असतात, लग्नाच्या वऱ्हाडांचे. पण खरी मिरवणूक वस्तीतली. ती काढणाऱ्या मंडळांना सोशल एड अँड प्लेझर क्लब म्हणतात. गुलामगिरी संपल्यावर काळ्या माणसांना विमा कुणी देत नव्हतं, तेव्हा वर्गणी काढून डॉक्टरचा आणि अंत्ययात्रेचा खर्च भागवणाऱ्या संस्था निघाल्या. मेलेल्याला बँड लावून पोचवायचं, परतताना वाजवत-नाचत यायचं, ही त्यांची रीत. आजची मंडळं त्यांचीच वारस. वर्षभर सभासद पैसे साठवतात ते एका रविवारच्या कपड्यांसाठी. आमच्या मिरवणुकीतले पुरुष नारिंगी सूट, त्याच रंगाचे बूट आणि पिसांचे पंखे घेऊन उतरले होते. डोक्यावर टोपी तिरकी आणि चेहऱ्यावर कामाला आलेल्या माणसाचा गंभीरपणा. ते आणि बँड ही पहिली रांग. मागे जो कोणी नाचत येईल ती दुसरी.

चार तास. मी चार तास चालले असं म्हणणार नाही, पण पुष्कळ चालले. ठरलेल्या गुत्त्यांपाशी थांबे, पिकअपच्या मागे कोळशावर भाजलेलं मांस, शीतपेटीतून पाण्याच्या बाटल्या विकणारी पोरं. एका म्हाताऱ्या बाईंनी माझी ओढणी पाहिली, ती माझ्याच हातात देऊन हवेत कशी फिरवायची ते दाखवलं. मग क्लेबोर्न अव्हेन्यू आला. एकेकाळी या रस्त्याच्या मध्ये ओक वृक्षांच्या रांगा होत्या आणि दोन्ही बाजूंना काळ्या व्यापाऱ्यांची दुकानं. १९६६ मध्ये झाडं तोडली आणि वरून उन्नत महामार्ग नेला. तो आय-टेन. आम्ही ह्यूस्टनहून आलो तो. वस्तीने पुढे त्याच्या खांबांवर ओक रंगवले. बँड पुलाखाली शिरला तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याने वाद्य वर उचललं, ट्यूबा घुमला, आणि काँक्रीटच्या छताने आवाज दसपट करून परत केला. सगळे तिथेच रेंगाळले, कारण नाचायला याहून चांगली जागा शहरात नाही. भाचा मान वर करून सांधे बघत होता. मग तोही नाचला, इंजिनिअर नाचतात तसा.

सेंट चार्ल्सची हिरवी ट्राम (१८३५ पासून चालू आहे ही लाइन), मार्दी ग्रा या सणाच्या मिरवणुकांतल्या, फांद्यांवर अडकलेल्या मण्यांच्या माळा, जमिनीवर बांधलेल्या कबरींची स्मशानं, हे सगळं पाहिलं, छानच आहे. माळांचं एकच सांगते: २०१८ मध्ये त्या रस्त्याच्या पाच चौकांपुरती गटारं उपसली तर त्र्याण्णव हजार पौंड मणी निघाले. ज्या शहराचा जीव पाण्याच्या निचऱ्यावर आहे त्या शहरात!

कारण इथे पावसाचा थेंबही आपसूक वाहून जात नाही. १९१३ च्या सुमारास बॉल्डविन वूड या इंजिनिअरने प्रचंड पंप बनवले, मागची दलदल उपसली, तिच्यावर घरं झाली. उपसलेली जमीन सुकली, सुकून खचली, आणि खचल्यामुळे आणखी उपसावी लागली. आज निम्मं शहर समुद्रसपाटीखाली आहे. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ आलं तेव्हा मिसिसिपीचे बांध टिकले. फुटल्या त्या आतल्या कालव्यांच्या भिंती, त्याही कित्येक ठिकाणी पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोचायच्या आधी. आखणीच चुकलेली होती. ऐंशी टक्के शहर बुडालं. काठावरचं जुनं क्वार्टर बहुतेक कोरडं राहिलं. त्याच वर्षी महिनाभर आधी सांगलीत कृष्णा आमच्या गल्लीत आली होती. घरातला चिखल काढून जेमतेम झाला होता तोच टीव्हीवर छपरांवर बसलेली माणसं दिसली, आणि ते अंतर मला अमेरिकेइतकं वाटलं नव्हतं.

लोअर नाइन्थ वॉर्डात आम्ही कालव्यावरचा पूल ओलांडून गेलो. गायक फॅट्स डॉमिनोला पुरात ज्या घरातून होडीने काढलं ते अजून आहे. नवी घरं आहेत, उंच खांबांवर. पण मधली कितीतरी आवारं नुसतं गवत, आणि त्यात रस्त्याच्या कडेला काँक्रीटच्या तीन पायऱ्या, ज्यांच्या वर काही नाही. शहराची वस्ती २००० मध्ये चार लाख पंच्याऐंशी हजार होती, २०१० मध्ये तीन लाख चव्वेचाळीस हजार. भाच्याने फोटो काढायला फोन उचलला. एक बाई समोरच्या ओट्यावरून बघत होत्या. त्याने फोन खिशात घातला आणि हात केला. त्यांनीही केला.

सोमवारी लाल राजमा आणि भात. पूर्वी सोमवार धुण्याचा, म्हणून चुलीवर आपोआप शिजत राहील असं काहीतरी. भाचेसून शाकाहारी, तिने मांस आहे का विचारलं तर वाढणारा म्हणाला, "छे, फक्त सॉसेज." तिने सुटीभर तळलेली भेंडी खाल्ली. भेंडी इथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर आली आणि गंबो या इथल्या दाट रश्श्यात जाऊन बसली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी नदीच्या वरच्या अंगाला, ग्रॅमर्सी आणि लचर या गावांकडे गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. गळीत हंगाम चालू होता, ट्रकमधून पडलेली कांडी रस्त्यावर चिरडलेली होती, आणि मळीचा वास आला तसं मी काच खाली केली. १७९५ मध्ये एतियन द बोरे याने न्यू ऑर्लिन्सजवळ दाणेदार साखर करून दाखवली आणि हा सारा काठ उसाखाली गेला. मागणी वाढली ती साखरेची आणि ती पिकवणाऱ्या माणसांची.

इथे बांधावर लाकडांचे मनोरे उभे होते. मैलभर, एकामागून एक. पापा नोएल, म्हणजे इथला सांताक्लॉज, होडीतून येतो, त्याला वाट दिसावी म्हणून. नोव्हेंबर संपताना गावातली घरं विलोचे ओंडके तोडून आणतात, मधे खांब रोवून रचतात आणि वर वेतासारखे बोरू लावतात, ते फटाक्यासारखे फुटतात. सात वाजता सगळे एकदम पेटले. उष्णतेने आम्ही उताराला मागे सरकलो. वर नदीतून एक टगबोट बार्ज ढकलत चालली होती, तिने भोंगा दिला आणि सगळा बांध ओरडला.

मनोरा रचणाऱ्या कुटुंबातले साठीचे एक गृहस्थ मोठ्या पातेल्यातलं गंबो वाटत होते. महिनाभर रचलेलं तासाभरात जळतं, वाईट वाटत नाही का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाडगं भरून हातात दिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीची झाडं मी आजच सकाळी बघून आलो." मग भाच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला करवत चालवता येते का?"