आजीबाईंस उत्तर

पुण्याहून आगगाडीने बारामतीस यावयास निघाले म्हणजे दौंडच्या अलीकडे केडगावचे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे हे गाव. पुष्कळांस येथे त्यांची अनाथ स्त्रियांची सेवा स्मरते. मला त्यांचा पत्रव्यवहार स्मरतो, आणि त्याचे कारण इंदापूरकडील माझे एक ख्रिस्ती सहाध्यापक आहेत.

एका तपासणीच्या वेळी वरिष्ठ अधिकारी त्यांच्यावर भर कार्यालयात कडाडले. चूक दुसऱ्याची होती. आमचे गृहस्थ एवढेच म्हणाले, “साहेब, कागद पाहून माझे कोठे चुकले ते दाखवा. चुकले असेल तर सुधारतो. नसेल तर असा शब्द मला लावू नये.” आवाज चढला नाही, की मान खाली गेली नाही. साहेब काही विरघळले नाहीत. वेतनवाढ वर्षभर अडली ती अडलीच.

“मग शांत राहून मिळवलेत काय?” असे मी विचारले, तेव्हा त्यांनी मला योहानाच्या शुभवर्तमानातील चौकशीचा प्रसंग सांगितला. प्रमुख याजकाच्या शिपायाने येशूस चपराक मारली. येशूने शिवी दिली नाही, पण तो गप्पही बसला नाही. माझ्या बोलण्यात वाईट काय ते दाखव, नसेल तर मारतोस का, अशा अर्थाचा प्रश्न त्याने केला. दुसरा गाल पुढे करावयास सांगणाराच हे विचारतो, ही गोष्ट आपण ख्रिस्तेतर मंडळी सहसा ध्यानी घेत नाही. अशाच प्रसंगी पौलाचा मात्र तोल गेला, आणि समोरचा मनुष्य प्रमुख याजक आहे हे कळताच त्याला शब्द आवरावे लागले. “पौल आमच्यासारखा,” असे म्हणून ते हसले.

आम्हा पांढरपेशांची रीत आणखी निराळी. बारामती मोरोपंतांची, त्यांनी ‘केकावली’त प्रत्यक्ष देवास गाऱ्हाणे ऐकवले. आपण साहेबापुढे हात जोडतो आणि उरलेला राग घरी मुलांवर काढतो. याला शांती म्हणवत नाही.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील मठाच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाईंचे निरामिष जेवण म्हणजे जातीचा गर्व, क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे मागणे म्हणजे हट्ट, आणि धर्ममतांविषयी शंका म्हणजे उद्धटपणा, असा एकंदर सूर. पुढे चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी पुरुषांस शिकवावे की नाही, यावर बिशपांपर्यंत खल झाला. वय पंचविशीतले, पतीचे छत्र हरपलेले, पदरी लहानगी मनोरमा, आणि आसरा रागावलेल्यांचाच! अशा स्थितीत रमाबाईंनी लांबलचक, मुद्देसूद उत्तरे लिहिली. ख्रिस्तास मानले म्हणून आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा माणसाच्या हवाली केलेली नाही, हा त्यांचा आशय. शब्दांस कोठे कोठे चांगलीच धार आहे. सारी पत्रे लोण्यासारखी मऊ आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु जिच्याशी एवढा वाद, त्या इंग्रज जोगिणीस त्या ‘आजीबाई’ म्हणत. मराठी घरातला हा शब्द वादातही त्यांनी टाकला नाही, आणि आपले मतही सोडले नाही.

१९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने हा पत्रव्यवहार छापला, तेव्हा रमाबाईंस जाऊन पंचावन्न वर्षे झाली होती. पत्रे जपून ठेवून त्यांचे संकलन केले होते ते सिस्टर जेराल्डीन यांनीच. त्यांस मनस्ताप देणारी उत्तरेही त्यात आहेत.