सगळ्या चुका एकाच बाजूला

शर्टाच्या पॅटर्नची पीडीएफ ए-फोर कागदांवर छापायची, पानं जोडायची आणि रेषेवर कापायचं, एवढंच काम होतं. पहिल्या पानावर दहा सेंटिमीटरचा चौकोन असतो, तो छापल्याबरोबर मोजायचा. मी मोजला शर्ट बिघडल्यावर. 9.6 भरला. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय मी बदललाच नव्हता.

1863 साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. तेव्हापासून घरोघरी असे कागद कापडावर पसरले जाताहेत, पण सगळ्यांचा रिवाज एक नाही. काहींत शिलाईची माया धरलेली असते, काहींत ती आपण सोडायची. माझ्या पॅटर्नमध्ये धरलेली नव्हती. सूचनांत तसं लिहिलंही होतं, पण मी चित्रंच पाहिली.

तिसरी चूक तर कळून केलेली. नवं सुती कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापावं, हे मला ठाऊक होतं. पण जामसंड्यात पावसाळ्यात साधा टॉवेल धड वाळत नाही. तीन मीटर कापड कुठे वाळत घालणार?

आता हिशेब बघा. तयार शर्टाची छाती हवी होती 112 सेंटिमीटर. छपाईत ती एकशे साडेसातवर आली. दोन्ही कडांच्या शिलायांनी, पुढच्या-मागच्या भागांची दीड-दीड धरून, सहा खाल्ले. पहिल्या धुण्यात तीन टक्के आटलं. उरले साडेअठ्ठ्याण्णव, आणि आबांची, म्हणजे सासऱ्यांची, छातीच शहाण्णव. एखादी चूक सैल करणारी असती तर निभावलं असतं. माझ्या तिन्ही घट्ट करणाऱ्याच. बटणं लागली, हात मात्र वर जाईना.

‘‘गो, ह्यो शर्ट माझो काय नातवाचो?’’ आबा म्हणाले.

गावातले शिंपी मापाला अंगात बसणारा जुना शर्ट मागतात. आबांचा तसा शर्ट दांडीवरच होता, पण पॅटर्न हाताशी असताना त्याची काय गरज, असं मला वाटलं होतं.

कॉलरची गंमत वेगळी. बकरम लावून, टाचण्या टोचून ती डब्यात ठेवली आणि विसरले. समुद्राच्या दमट हवेत टाचण्या गंजल्या, पांढऱ्या कापडावर तांबूस ठिपके उमटले. लिंबू-मीठ लावून ते फिके झाले, गेले नाहीत.

काजं मात्र सुरेख आली. आधी चिंध्यांवर हात बसवला होता, आणि चिरताना काजाच्या टोकाला आडवी टाचणी लावली होती, त्यामुळे ब्लेड पुढे घसरलं नाही.

सध्या जुन्या चादरीवर नवा खाका कापून ठेवलाय. आबांचा दांडीवरचा शर्ट त्यावर पसरून पाहिला. छाती जमलीय, खांदा अजून अर्धा इंच कमी भरतोय.