ब्रेकनरिजचं घर आणि गांजावाले पाहुणे

डेन्व्हरहून पश्चिमेला दीड-दोन तास गाडी हाकली, की ब्रेकनरिज येतं. 1859 साली सोन्याच्या शोधात वसलेलं, 9,600 फुटांवरचं गाव. आता इथलं सोनं म्हणजे बर्फ! आम्हा काही मराठी कुटुंबांची इथे छोटी घरं आहेत. सुट्टीत आपण राहायचं, एरवी पाहुण्यांना भाड्याने द्यायचं.

कोलोरॅडोत 1 जानेवारी 2014 पासून एकवीस वर्षांवरच्यांना गांजा दुकानात मिळतो. त्याच वर्षी डिसेंबरात गावाने मतदान करून मेन स्ट्रीटवर दुकान नको असं ठरवलं. दुकानं एअरपोर्ट रोडला गेली. पण घेतलेला गांजा ओढायचा कुठे? रस्त्यावर बंदी, स्कीच्या उतारांवर बंदी. मग राहतं ते आपलं घर!

"शिवरात्रीला भांग चालते, मग हे का नाही?" अशी मित्रमंडळी चेष्टा करतात. आम्ही नाक मुरडत नाही, पण बुकिंगच्या आधीच स्पष्ट लिहून देतो: घरात धूर नको आणि जाताना काही मागे ठेवू नका. घरमालकाला तो हक्क आहे.

पाहुणे गेले, की फ्रीज आणि खण आम्ही स्वतः तपासतो. गांजा घातलेल्या गोळ्या दिसायला थेट मुलांच्या खाऊसारख्या! शिवाय केंद्राच्या कायद्याला राज्याची ही सूट मान्य नाही. नागरिकत्वाच्या अर्जात गांजा आड येऊ शकतो, राज्यात तो कायदेशीर असला तरी, हे सरकारने 2019 साली स्पष्ट केलंय. तेव्हा ग्रीन कार्डवाल्यांनो, उरलेली पुडी "राहू दे" म्हणून ठेवू नका. पाहुणा चार दिवसांचा, आपल्याला इथेच राहायचंय!